बाल्कनीवाला सूट आणि आम्ही धरणवाले

धरणात गाळ साचतो तसे किस्से साचतात. कोणी मुद्दाम आणून टाकत नाही, वरून दिसत नाहीत, आणि एक दिवस लक्षात येतं की अरे, अर्धं धरण तर यानंच भरलं! आमच्या टोळक्याचं तसंच झालं आहे. एकदाच क्रूझवर गेलो, पण दर रविवारी चहाला बसलो की त्यातलंच काहीतरी निघतं. ऐकणारे पोट धरून हसतात. आम्हीही आता हसतो. तेव्हा मात्र एकही जण हसत नव्हता. तेव्हा आम्ही भ्यायलो होतो.

टोळकं पाचच जणांचं. मी राऊत, पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून रिटायर झालो. माझी बायको शैला. काटोलचा गुणवंता बोरकुटे माझ्यासोबत नोकरीला लागला आणि माझ्यासोबतच सुटला. बायको गेल्यापासून तो संत्र्याच्या बगीच्यात एकटाच राहतो आणि रविवारी बस पकडून आमच्याकडे येतो. आणि शहरातल्या महाल भागातले काळे साहेब, आम्हा दोघांचेही साहेब, कडक शिस्तीचे. त्यांच्या पत्नी विमलताई.

जन्मभर पाण्यात काम केलेली आम्ही माणसं. पण आमचं पाणी बांधलेलं. इकडे भिंत, तिकडे टेकडी, मधे पाण्याची पातळी मोजायचा गेज. किती चढलं, किती उतरलं, सगळं कळतं. समुद्राला गेज कुठे असतो?

*

सुरुवात विमलताईंच्या डोळ्यांनी झाली.

त्यांचं मधलं दिसणं कमी होत चाललं होतं. माणसाकडे पाहिलं की चेहऱ्याच्या जागी धूर, आणि कान, खांदे मात्र दिसायचे. म्हणून त्या कोणाशी बोलताना मान जराशी तिरपी करायच्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आहे ते जपा, गेलेलं परत येणार नाही.

एका रविवारी चहा घेता घेता त्या म्हणाल्या, "दिसणं आहे तोवर मला एकदा समुद्र पाहायचा आहे."

बोरकुटे लगेच तयार. "मंग चला न वहिनी! मुंबईले जाऊ, चौपाटीवर उभं राहू, भेळ खाऊ, वापस येऊ!"

"काठावरून पाहिला आहे मी. भाचीच्या लग्नाला गेलो होतो तेव्हा. हे टॅक्सीतच बसून राहिले होते," विमलताई म्हणाल्या. "आता मधून पाहायचा आहे. चारही बाजूंनी पाणी पाहिजे."

कसला तरी बारीक खडखड आवाज येत होता. मी पाहिलं, तर काळे साहेबांच्या हातातली कपबशी वाजत होती.

*

शहरातल्याच जरीपटका भागात हर्षा मॅडमचं टूरचं ऑफिस आहे. सिंधी बाई, बोलायला गोड, आणि भिंतीवर हा मोठा टीव्ही. त्यावर त्यांनी जहाज दाखवलं. जहाज कसलं, अख्खी कॉलनीच पाण्यात सोडलेली! एकावर एक मजले, वर स्विमिंग पूल.

"समुद्रात जाऊन राहिलो, तरी वरून पाण्याचं टाकं काहून?" बोरकुटेनं विचारलं.

हर्षा मॅडम म्हणाल्या, "सर, रूम साधी चलेगी, की आपको सूट चाहिए?"

"सूट तर पाहिजेच न मॅडम! किती टक्के देता?"

मॅडमनी हसून समजावलं की सूट म्हणजे मोठी खोली, हॉलसकट. बोरकुटे ओशाळला. पण काळे साहेबांचं याकडे लक्षच नव्हतं. ते टीव्हीतल्या जहाजाच्या बुडाकडे पाहत होते. जहाज पाण्याखाली किती खोल असतं त्या मापाला ड्राफ्ट म्हणतात. साहेबांनी गंभीरपणे विचारलं, "ड्राफ्ट किती आहे?"

"ड्राफ्ट-व्राफ्ट कुछ नहीं सर, आमच्याकडे डायरेक्ट कन्फर्म बुकिंग!"

साहेबांनी रुमालानं कपाळ पुसलं.

मग बोरकुटेनं आमच्या सगळ्यांच्या मनातलं विचारून टाकलं. "मॅडम, समजा बुडालंच, तर सगळ्यात शेवटी कोणती खोली बुडते?"

"अरे सर, ऐसा क्यूं बोलते हो!"

"नाही, सांगा न. तीच द्या मले."

*

खोली निवडायला आम्हाला ऑफिसात तीनदा जावं लागलं.

काळे साहेबांचं म्हणणं एकच. खोली खालच्या मजल्यावर, जहाजाच्या अगदी मध्यभागी, आतल्या बाजूला पाहिजे. तिथे हलणं सगळ्यात कमी. त्यांनी पेन्सिलनं कागदावर जहाजाचा छेद काढून गुरुत्वमध्य दाखवला. इंजिनिअरिंगच्या हिशेबानं एक अक्षर चुकीचं नव्हतं. मी आणि बोरकुटे जुन्या सवयीनं "बरोबर साहेब, बरोबर" करत राहिलो.

"पण तिथे खिडकी नाही मिलती सर," हर्षा मॅडम म्हणाल्या.

"नकोच."

विमलताई उठल्या, टीव्हीच्या इतक्या जवळ गेल्या की नाक लागेल, मान तिरपी केली आणि वरच्या मजल्यावरच्या एका चौकोनावर बोट ठेवलं. "हे काय आहे?"

"वो तो फॅमिली सूट है आंटी. दोन बेडरूम, बीच में हॉल, सामने बडी बाल्कनी. पाच जणांना एकदम मस्त!"

"त्या बाल्कनीतून काय दिसतं?"

"सिर्फ पानी, आंटी. और कुछ भी नहीं."

विमलताईंनी बोट काही उचललं नाही. काळे साहेब त्या बोटाकडे पाहत होते. एखाद्या भिंतीला तडा दिसल्यावर पाहायचे, अगदी तसंच. मग त्यांनी कागद घडी करून खिशात टाकला आणि म्हणाले, "राऊत, हाच घ्या."

बाहेर पडताना माझ्या कानाशी येऊन पुटपुटले, "बेडरूम मात्र आतली. माझा पलंग बाल्कनीपासून जेवढा लांब होईल तेवढा."

*

एवढं कबूल केलं, पण साहेबांना चैन पडेना. एक दिवस सकाळीच आमच्या घरी हजर.

"राऊत, तुमच्या गॅलरीचा कठडा तपासायचा आहे."

आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. साहेबांनी आधी खोलीतूनच पाहिलं, मग एक पाय गॅलरीत टाकला, मग दुसरा. दोन्ही हात कठड्यावर ठेवून जोर लावला. "जहाजावरचा याहून मजबूत असेल न?" असं विचारत पुन्हा जोर लावला. शैलानं कठड्यावर गुलाबाची कुंडी ठेवली होती. ती हलली, कलंडली आणि गेली खाली!

धाडकन आवाज झाला. खालून चौकीदार ओरडला, "कोन है ऊपर? मारोगे क्या?"

मी वाकून पाहिलं. कोणाला लागलं नव्हतं. "कोणी नाही, कोणी नाही, सॉरी!" म्हणून वळलो, तर साहेब फरशीवर बसलेले. पाठ भिंतीला, डोळे मिटलेले, शर्ट घामानं चिंब. मी हात दिला, पण त्यांना उठताच येईना. शैला पाणी घेऊन आली. तेही धरवेना. शेवटी तिनं पेला त्यांच्या ओठाला लावला.

तिथेच, फरशीवर बसल्या बसल्या, त्यांनी आम्हाला सीतारामची गोष्ट सांगितली.

*

साहेब तेव्हा नवीन होते, माझी त्यांची ओळखही नव्हती. छोटंसं धरण, आठवडाभर झड लागलेली, पाणी चढत होतं. सकाळच्या वेळी साहेब आणि गेट चालवणारा सीताराम, दोघं गेटवरच्या अरुंद पुलावर उभे होते. सगळी गेटं उघडून झाली होती. आता फक्त पाहत राहायचं, एवढंच हातात होतं. सीताराम साहेबांना सांगत होता की पोरीचं जमलं आहे, सोयरे चांगले भेटले.

वरून मोठं झाड वाहत आलं. मुळासकट. ते कठड्यावर आदळलं आणि कठडा गेला. सीताराम कठड्याला टेकून उभा होता.

"मी धरलं होतं त्याला, राऊत," साहेब म्हणाले. "मागून, रेनकोटला. चांगलं दोन्ही हातांनी धरलं होतं. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या हातात नुसता रेनकोट राहिला."

खाली चौकीदार झाडूनं कुंडीची खापरं गोळा करत होता.

मला एकदम आमची सगळी वर्षं आठवली. साहेब इन्स्पेक्शनला आले की धरणाच्या भिंतीवर पाण्याकडे पाठ करून उभे राहायचे आणि खणखणीत आवाजात म्हणायचे, "राऊत, गेज वाचा!" मी वाचायचो, ते मान हलवायचे. आम्हाला वाटायचं, काय रुबाब आहे साहेबांचा! सगळी नोकरी त्या माणसानं पाण्याकडे पाठ करून काढली होती.

"विमलताईंना माहीत आहे?" शैलानं विचारलं.

"तिला नाही सांगितलं," साहेब म्हणाले. "ती मग कुठेच चल म्हणणार नाही."

*

आता ही गोष्ट कळल्यावर आमचीही झोप उडाली. बोरकुटेलाही मी ती सांगितली. बोरकुटे म्हणाला, "सराव करू गा! एकदम समुद्रात नेलं त साहेबाचं हार्टच बंद पडन."

म्हणून आम्ही तिघं शहरातल्याच एका तलावावर गेलो. तिथे पायानं चालवायच्या होड्या असतात, बदकाच्या आकाराच्या. साहेब काठावरच थांबले, अर्थातच तलावाकडे पाठ करून. मी आणि बोरकुटे बसलो.

"पाहा साहेब, काहीच नाही होत!" बोरकुटे ओरडत होता. "तुम्ही उगाच भेऊन राहिले! लहान लेकरं बसतात यात!"

मध्यावर गेलो आणि पॅडलमध्ये जलपर्णी अडकली. पाय हलेना. बदक जागच्या जागी गोल फिरायला लागलं, वर एका बाजूला कललं. बोरकुटेनं दोन्ही हातांनी माझा दंड धरला. हे सांगायलाच पाहिजे की ज्यानं उभी हयात कालव्यांवर काढली, त्या गुणवंता बोरकुटेला पोहता येत नाही.

"साहेब!" तो बोंबलला. "साहेब, वाचवा! मेलो!"

काळे साहेब वळले नाहीत. पाठ तशीच ठेवून, खणखणीत आवाजात ओरडले, "बोरकुटे! उलटं पॅडल मारा! उलटं! हळू!"

उलटं मारलं. जलपर्णी सुटली. आम्ही काठावर आलो तरी बोरकुटेनं माझा दंड सोडला नव्हता. साहेबांनी न वळताच विचारलं, "आले का दोघंही?"

"आलो साहेब."

"मोजून सांगा."

"दोघंच होतो न साहेब!"

"तरी मोजा."

*

मुंबईला बंदरावर जहाज पाहिलं. टीव्हीत पाहिलं ते काहीच नाही. मान पाठीला टेकली तरी वरचं टोक दिसेना.

आत जायला जोडपूल होता. चांगला रुंद, दोन्हीकडून झाकलेला. पण त्याचा शेवट आणि जहाजाचं दार यांच्यामध्ये एक बारीक फट. त्या फटीतून खाली काळं पाणी दिसत होतं, भिंतीवर चपाक चपाक आपटत होतं. काळे साहेब फटीशी आले आणि थांबले. मागे ही लांब रांग.

साहेबांचा पायच उचलेना. चेहरा राखेसारखा झालेला. मला वाटलं, संपलं, इथूनच वापस.

विमलताईंनी त्यांचा दंड धरला होता. दाराशी उभ्या असलेल्या मुलीनं विमलताईंची तिरपी मान पाहिली, त्यांचं चाचपडणं पाहिलं, आणि तिला वाटलं की यांच्यामुळेच खोळंबा होतो आहे. ती अगदी मायेनं म्हणाली, "सर, कोई जल्दी नहीं. मॅडम को संभालके लाइए."

"हो बाई," विमलताई म्हणाल्या, "मी संभाळूनच आणून राहिली त्यांना."

आणि त्यांनी साहेबांना फटीपलीकडे ओढून घेतलं.

*

सूट होता मात्र राजेशाही! हॉलमध्ये सोफे, गालिचा, फुलं. समोर काचेचं सरकतं दार, त्यावर जाड पडदा. साहेबांनी आत आल्याबरोबर पहिलं काम केलं ते पडदा ओढून घ्यायचं.

निघण्याआधी सगळ्यांना भोंगा वाजवून गोळा केलं आणि लाइफ जॅकेट कसं घालायचं ते दाखवलं. बोरकुटेनं खोलीत आल्यावर कपाटातलं जॅकेट काढून घातलं, ते काढलंच नाही. त्यातच जेवायला आला. सगळा डायनिंग हॉल आमच्याकडे पाहत होता. शैला म्हणाली, "भाऊजी, काढा न आता ते, लोक पाहून राहिले."

"पाहू द्या," बोरकुटे म्हणाला. "बुडतांना कोणी आपल्यावाला काढून देत नाही."

दुसऱ्या दिवशी वारा वाढला. जहाज हलायला लागलं. फार नाही, पण कपाटातले हँगर आपोआप एकमेकांवर वाजायचे, टिंग टिंग. साहेब म्हणाले, "किती कलतं आहे ते पाहिलं पाहिजे." त्यांनी काचेच्या पेल्यात पाणी भरून टेबलावर ठेवलं. आम्ही तिघं इंजिनिअर त्याभोवती बसलो. पाण्याची पातळी डावीकडे चढायची, थांबायची, मग उजवीकडे. तिघांच्याही माना तिच्यासोबत.

"वाढून राहिलं," बोरकुटे कुजबुजला.

"राऊत, लक्ष ठेवा," साहेब म्हणाले.

तेवढ्यात शैला बेडरूममधून आली, पेला उचलला आणि घटाघट पिऊन टाकला.

आम्ही तिघं तिच्याकडे पाहतच राहिलो.

"काय झालं?" ती म्हणाली. "तहान लागली होती मले."

*

आणि हा किस्सा तिसऱ्या दिवशीचा.

दुपारचं जेवण करून सगळे आडवे झाले होते. वारा तसाच होता. मी आणि बोरकुटे हॉलमध्ये सोफ्यावर बसलो होतो, आमचाही डोळा लागला. जागा झालो तो वाऱ्याच्या घोंघावण्यानं. पडदा पोटासारखा फुगून आत आला होता आणि बाहेरून समुद्राचा आवाज येत होता. इतका मोठा की गाडी अंगावर येते आहे असं वाटावं. काचेचं दार उघडं होतं.

आतल्या बेडरूममधून काळे साहेब धावत आले. "विमल कुठे आहे?"

मी पडदा बाजूला ओढला. विमलताई बाल्कनीत एकट्या उभ्या होत्या, थेट कठड्याशी. पदर वाऱ्यानं आडवा उडत होता. पलीकडे काहीही नाही. नुसतं करडं पाणी, त्याच्या भिंतीच्या भिंती उठत होत्या आणि कोसळत होत्या.

बोरकुटे जॅकेटसकट दाराकडे निघाला. मी त्याला थांबवलं. का थांबवलं, मला माहीत नाही. साहेब चौकटीला धरून उभे होते. त्यांची बोटं पांढरी पडली होती.

विमलताई मागे न पाहता म्हणाल्या, "कोण आहे? तुम्ही का हो? मला काहीच कळून नाही राहिलं. नुसतं पांढरं पांढरं हलतं. या न, सांगा न मला काय काय आहे."

साहेबांनी चौकट सोडली. उभ्यानं जाणं त्यांना जमलं नाही. ते खाली बसले. आमचा कडक शिस्तीचा कार्यकारी अभियंता, ज्याच्यासमोर कंत्राटदार चळाचळा कापायचे, तो त्या ओल्या लाकडी फरशीवर बसल्या बसल्या सरकत सरकत कठड्यापर्यंत गेला. तिथे गेल्यावर त्यांनी एका हातानं कठडा धरला, दुसऱ्या हातानं विमलताईंचा दंड, आणि हळूहळू उभे झाले.

शैला माझ्या मागे येऊन उभी राहिली होती. तिची नखं माझ्या खांद्यात रुतत होती. आम्हाला साहेबांचा चेहरा बाजूनं स्पष्ट दिसत होता. डोळे गच्च मिटलेले. इतके की कपाळापर्यंत सुरकुत्या.

"सांगा न," विमलताई म्हणाल्या.

"हो, सांगतो," साहेब म्हणाले. "पाणी आहे. छान आहे. शांत आहे अगदी."

"हो का?"

"हो. निळंशार. जरासुद्धा लाट नाही." तेवढ्यात खाली एक लाट आदळली आणि दोघांच्याही तोंडावर तुषार उडाले. पण साहेब थांबले नाहीत. "आणि तिकडे... तिकडे उजवीकडे एक होडी आहे. छोटीशी. मासे धरून राहिला एक माणूस. आणि त्याच्या मागे बाभळी आहेत. त्यांच्यावर बगळे बसले आहेत. खूप. पांढरेशुभ्र."

विमलताईंनी मान तिरपी केली. समुद्राकडे नाही, साहेबांकडे.

"अहो," त्या म्हणाल्या, "भर समुद्रात बाभळी कुठल्या? उघडा न डोळे."

जहाज एका बाजूला कललं, हँगर वाजले. बोरकुटेनं माझा हात धरला.

साहेबांनी डोळे उघडले.

"बापरे!" ते म्हणाले.

"हं," विमलताई म्हणाल्या. "आता खरं सांगून राहिले. पुढे?"